धडधडीला घाबरून चालणं सोडू नकोस

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढावर छातीत धडधडलं आणि तू परत फिरलास, ते बरोबरच केलंस. मीही फिरलो होतो. पण त्यानंतर दोन महिने मी घराबाहेर चालायलाच गेलो नाही, ती चूक तू करू नकोस.

आधी डॉक्टर. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन. गरज वाटली तर ते 24 तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, अंगावर लावतील. धडधडीसोबत चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्यांनी परवानगी देईपर्यंत चढ बंद. शुद्ध हरपली तर थेट 108.

माझे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी भीती गेली नव्हती. मग डॉक्टरांनी समजावलं: एखादा ठोका लवकर पडतो, पुढे क्षणभर थांबा येतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून लागतो. आपल्याला जाणवतो तो हाच. आपण घाबरलो की अॅड्रेनलिन वाढतं, ठोके अजून जोरात पडतात. सारखी नाडी चाचपण्याची सवय तर आधी मोड, बाळा.

सुरुवात शाहू स्टेडियमच्या सपाटीवर कर. बोलता येईल इतकाच वेग. धडधडलं तर वेग कमी कर, चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. शेवटची 10 मिनिटं रमतगमत चाल, एकदम बसू नकोस. चालण्याआधीचा कडक चहा मी सोडला, मला फरक पडला.

किल्ल्यावर पुन्हा जाशील तेव्हा पहिल्यांदा कुणालातरी सोबत घे.