आधी कपडा उलटा करून बघ

प्रश्न: मी जळगावला शिकते, गाव पारोळ्याकडचं. इन्स्टाग्रामवरून जुने शर्ट, साड्या घेण्याचा नाद लागलाय. परवा भुसावळच्या टेलरचं लेबल असलेला जुना सुती कोट मागवला, तर आई म्हणाली, "आपन जुना कपडा भांडेवालीले देतस, अन् तू पैसा दिसन लई उनी?" (म्हणजे, तू पैसे देऊन घेऊन आलीस?) तिला काय सांगू? आणि कपडा खरंच जुना आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: तुझ्या आईचा हिशेब पक्का आहे गं. दोन पँटी, एक साडी, आणि पायरीवर बसून घासाघीस केली की एक पातेलं. जुन्या कपड्याचा भाव तिला पाठ आहे. शिवाय परक्याच्या अंगावरचा कपडा घालायचा, हेही तिला खटकत असणार. वाद घालू नकोस. कोट उलटा कर आणि तिच्या हातात दे.

धुळ्यात मी शिवणाचा क्लास घ्यायचे, तेव्हा मुलींना आधी जुने कपडे उसवायला द्यायचे. जुन्या पँटीच्या मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना चांगली इंच-दीड इंच माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, सापडते. माणूस सुटला की उसवून सैल करायची, तो गेला की धाकट्याला बेतायची. काजं हातानं केलेली, खिशाचं कापडही बाहेरच्याइतकंच दमदार. त्या काळी कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, म्हणून टेलर कापड वाया घालवत नसे आणि मेहनतीला मागेपुढे बघत नसे. आता गणित उलटं झालंय. आजची रेडीमेड पँट सैल करायला घेतली की आत बोटभरही कापड नसतं. जुन्या कपड्याची ओढ मला तरी इथे समजते. 'रेट्रो लुक' वगैरे ठीक आहे, पण दोन वर्षांत तोही जुना होईल.

आता वय. लेबलवरचा पत्ता वाच. 'पूर्व खानदेश' असेल तर ते लेबल बहुधा १९६० च्या आधीचं, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. 'नंदुरबार, जि. धुळे' असेल तर १९९८ च्या आधीचं. कापडाच्या काठावर गिरणीचा शिक्का दिसला आणि भाव आण्यांत असला तर १९५७ च्या मागे जा. अर्थात टेलर लेबलांचा गठ्ठा एकदा करून घेतला की संपेपर्यंत वापरतो, त्यामुळे पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धर. आणि विकणाऱ्यानं फोटोखाली 'सत्तरचं दशक' लिहिलं म्हणून ते सत्तरचं होत नाही!

सुती म्हणून घेतलेलं टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरचं मिश्रण निघतं, हे नेहमीचं. आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काडीनं पेटव. सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि राख भुरभुरीत होते; पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही दिसेल. टेरिलीनचा, म्हणजे पॉलिस्टरचाच, शर्ट पन्नास वर्षांचा झाला तरी जळगावच्या मे महिन्यात तो अंगाला चिकटणारच, तेव्हा दिवाळीनंतर घाल.

आणि एक. पैसे घालवण्याआधी घरातली ट्रंक उघड. आजीचं लुगडं, बाबांचा लग्नातला सफारी, काहीतरी असेलच. जुन्या जरीच्या साड्या घेणारे दारावर आले तर आईला थांबव. खऱ्या जरीत चांदीची तार असते, ते साडी जाळून चांदी काढतात. लुगडं विरलं असलं तरी काठपदर उसवून नव्या कापडावर लावता येतो, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला नेसायला झकास.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेल्या जुन्या ब्लाउजांना कुबट वास येतो, अत्तरानंही जात नाही. (वाचक, चोपडा)

उत्तर: अत्तर आधी बंद. सुती असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजव, उलटा करून वाळव. रेशमी असेल तर थंड पाणी आणि सावली. धुण्याआधी काखेचा भाग उजेडासमोर धर. घामानं रेशीम कुजतं. जाळी दिसली तर तो ब्लाउज पाण्यातही टिकणार नाही. पुढच्या वेळी विकणाऱ्याकडून काखेचा फोटो मागव, आणि तो टाळाटाळ करत असेल तर पैसे पाठवू नकोस.