गळू पोटाच्या भिंतीत, फॉर्मवरचा कोड पोटाच्या आतला

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. बेंबीच्या खाली गळू झालं. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात तीन दिवस भरती होतो, भूल देऊन चिरा दिला, बिल 58 हजार. विमा कंपनी म्हणते, हे तुमच्या जुन्या हर्नियाच्या ऑपरेशनमुळे झालं, पूर्वीचा आजार आहे, प्रतीक्षा कालावधी (अशा आजाराचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ) संपलेला नाही. ते पत्र येऊन सोळा महिने झाले. आता दवाखाना मागच्या तारखेचं नवीन डिस्चार्ज कार्ड करून द्यायला तयार आहे. घेऊन टाकू का? आते काय करू?

उत्तर: भाऊ, ते नवीन कार्ड अजिबात घेऊ नका. पहिलं कार्ड कंपनीच्या फाइलमध्ये सोळा महिन्यांपासून पडून आहे. त्याच तारखेचं, त्याच सहीचं, पण वेगळ्या मजकुराचं दुसरं कार्ड तुम्ही ग्राहक आयोगापुढे ठेवलंत, तर कंपनीच्या वकिलाला दुसरं काही बोलायचीही गरज पडणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात दवाखान्याने एकच शब्द खोडून वर नवा लिहिला होता. पुढच्या सगळ्या तारखा त्या खाडाखोडीवरच गेल्या, आजाराकडे कुणी वळलंच नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत (एकात केळीच्या वजनकाट्याची पावतीही आली आहे) कार्डावर निदान आहे फक्त ‘अ‍ॅबडॉमिनल अ‍ॅब्सेस’, म्हणजे पोटाचं गळू. ‘वॉल’, म्हणजे भिंत, हा शब्द नाही. तुमच्या अठ्ठावन्न हजारांची गोष्ट त्या एका शब्दावर अडली आहे. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग दवाखाना भरतो, त्यात आजाराचा आयसीडी-10 कोड, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक, टाकावा लागतो. बिलिंगवाल्या मुलाने कार्ड वाचलं, पोटातलं गळू समजला आणि ‘के 65’ टाकून मोकळा झाला. हा गट पोटाच्या आतल्या आवरणाच्या दाहाचा. त्वचेच्या गळूचा कोड ‘एल 02’, आणि धडावरच्या गळूचा ‘एल 02.2’. पोटाची भिंत, पाठ, छाती, जांघ, बेंबी सगळं त्यात येतं. अमेरिकेत याचे आणखी तुकडे केलेत, तिथे नुसत्या पोटाच्या भिंतीला ‘एल 02.211’ असा वेगळा आकडा आहे. आपल्याला तितक्या बारकाव्याची गरज नाही. आतलं की भिंतीतलं, एवढंच ठरवायचं आहे.

आणि तुम्ही काय केलंत? डिस्चार्जच्या घाईत कोऱ्या फॉर्मवर सही केलीत. शेताची खरेदी करताना सात-बारा तीनदा वाचणारा माणूस दवाखान्याच्या काउंटरवर न वाचता सही का करतो, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

आता कंपनीचं पत्र नीट वाचा. त्यात नकाराचं कारण एकच आहे: के 65, म्हणून हर्नियाच्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत. हे त्यांच्याच हिशेबात बसत नाही. हर्नियाला लावलेल्या जाळीला जंतुसंसर्ग झाला असता, तर कोड ‘टी 85.7’ लागला असता. शस्त्रक्रियेनंतरच्या इतर संसर्गाला ‘टी 81.4’. यातला एकही कोड फॉर्मवर नाही. वगळणुकीचं कलम (कशाचे पैसे मिळणार नाहीत हे सांगणारं) लागू पडतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईशर दास मदन लाल प्रकरणात सांगितलं. आणि नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर आयोगापुढे उकरून काढता येत नाही, हे 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालात आहे. म्हणजे लढाई एका वाक्यापुरती आहे.

ते वाक्य खोडायला कार्ड उपयोगी नाही. त्यासाठी ऑपरेशन नोट हवी. चिरा कुठे दिला, बेंबीपासून किती अंतरावर, पोकळी किती मोठी होती, पू कुठल्या थरात होता, आत कप्पे होते का, खालचं स्नायूंचं आवरण शाबूत होतं का, जखमेत गॉज भरला की नळी ठेवली, हे सर्जनने त्याच दिवशी लिहिलेलं असतं. किमान लिहिलेलं असायला तरी हवं. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तर स्पष्ट आहे: पाच बाय चार सेंटिमीटर, त्वचेखालच्या चरबीत, पोटाच्या आत शिरलेलं नाही. नोट आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळले, तर के 65 उभा राहत नाही.

म्हणून उद्याच दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संपूर्ण केसपेपर मागा: ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञांची नोंद, नर्सिंग चार्ट, पुवातल्या जंतूंच्या तपासणीचा (कल्चर) रिपोर्ट. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत ही कागदपत्रं द्यावी लागतात. ती जपून ठेवायची सक्ती मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची, तेव्हा आणखी एक हंगाम जाऊ देऊ नका. डॉक्टरांना मदतच करायची असेल, तर आजच्या तारखेचं खुलासापत्र द्यावं, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह: मूळ कार्डात ‘वॉल’ शब्द राहून गेला, कोड चुकीचा पडला, ऑपरेशन नोटप्रमाणे गळू त्वचेखाली होतं. जुनं कार्ड जसं आहे तसंच राहू द्या.

विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नकारानंतर एका वर्षात जायचं असतं. पुण्याच्या कार्यालयात तुमचं काम वकिलाशिवाय, फुकटात झालं असतं. ते वर्ष तुम्ही कॉल सेंटरशी बोलण्यात घालवलंत. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण मी तिच्या भरवशावर राहणार नाही. ग्राहक आयोगासाठी 2019 च्या कायद्याचं कलम 69 दोन वर्षं देतं. तुमचे आठ महिने उरलेत आणि कंपनीला ई-मेल करत राहिल्याने त्यात एक दिवसही वाढत नाही. तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगात करता येईल, कारण तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल होते. तुमच्याइतक्या विमा हप्त्याला तक्रारीची फीसुद्धा नाही. कंपनीला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यापुढचा रस्ता बंद केला. निकाल तीन महिन्यांत, असं कायदा म्हणतो. माझ्या कपाटातल्या काही फायली तिसरी दिवाळी पाहतायत, तेव्हा तेवढी तयारी ठेवा.

दोन गोष्टींवर मी आज बोलणार नाही. हर्नियाचं ऑपरेशन प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेतानाच्या अर्जात, लिहिलं होतं का, हे तो फॉर्म पाहिल्यावरच कळेल. ‘एजंटनेच भरला’ हे उत्तर पुरत नाही. दुसरं, ते ऑपरेशन ‘पूर्वीचा आजार’ या व्याख्येत बसतं का. 1 एप्रिल 2024 पासून ही मागे बघण्याची मुदत (पॉलिसी घेण्याआधीचा किती काळ मोजायचा ती) 48 वरून 36 महिन्यांवर आली, पण तुमच्या पॉलिसीत कुठले शब्द आहेत ती पानं तुम्ही पाठवलेली नाहीत.

येताना झेरॉक्स आणा. सोनोग्राफीचे फोटो थर्मल कागदावर असतात. पत्र्याच्या घरात वैशाखाच्या उन्हाने ते काळे पडतात. आजच त्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून बाहेर काढा आणि फोटो काढून ठेवा.