2012 चा लॅपटॉप, आय-थ्री, रॅम 2 जीबी. सगळ्यात हलकं लिनक्स कुठलं टाकू?

'सगळ्यात हलकं' शोधण्याच्या नादात लोक चार-चार रात्री डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) बदलत बसतात, आणि आत तीच 500 जीबीची म्हातारी हार्डडिस्क कुरकुरत असते.

याच पिढीचं मशीन आत्ता माझ्या टेबलावर उघडं पडलंय. दोन 'हलकी' लिनक्स टाकून झाली होती, तरी ब्राउझर उघडला की माउसचा बाण मिनिटभर जागचा हलत नाही. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स (लाइव्ह) चालू करून स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या साधनाने डिस्क तपासली: रिअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बाजूला काढलेले) सेक्टर 212, करंट पेंडिंग 48. पेंडिंग म्हणजे जे सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीत. ती पुन्हा पुन्हा वाचायला जाते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन ताटकळतं. इथे कुठलीही डिस्ट्रो टाका, फरक शून्य.

म्हणून हार्डडिस्कच्या जागी 240 जीबीची 2.5 इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. ती 7 मिमी जाड असते, जुनी डिस्क बहुधा 9.5 मिमी, म्हणून जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट काढून हिला लावा, नाहीतर आत खुळखुळते. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर असेल तर इन्स्टॉल करण्याआधी एएचसीआय करा. रॅमची 4 जीबीची डीडीआर-थ्री पट्टी जुन्या बाजारात सहज मिळते. 1.35 व्होल्टची 'एल' लिहिलेली पट्टी 1.5 च्या मशीनमध्ये चालते. उलटं करू नका.

सगळं नवं लावूनही एकही वेबसाइट उघडत नाही, सर्टिफिकेटची एरर येते, आणि लोक वायफायला शिव्या घालतात. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सीमॉस सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा) मेला की तारीख 2012 वर जाते, आणि सॉफ्टवेअर उतरवणारं एपीटीसुद्धा 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून अडून बसतं. सेल बहुधा सीआर2032 असतो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वायर आणि कनेक्टरसकट येतो. घेताना जुना दाखवूनच घ्या.

आता तुमचा प्रश्न. रॅम वाढवणार असाल तर एमएक्स लिनक्स किंवा डेबियन, दोन्ही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. 2 जीबीवरच राहणार असाल तर अँटिएक्स. रिकामा डेस्कटॉप दोनशे एमबीत चालतो म्हणून स्क्रीनशॉट मिरवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे: रिकाम्या डेस्कटॉपकडे बघत कोण बसतं? वाचवलेले चारशे एमबी यूट्यूबचा एक टॅब खाऊन टाकतो. त्यापेक्षा झेडरॅम-टूल्स (रॅममधला डेटा दाबून बसवणारं साधन) टाका, सेटिंगमध्ये अल्गोरिदम झेडएसटीडी, टक्केवारी 50. आणि जुनं मशीन म्हणून 32-बिट शोधू नका. तुमचा प्रोसेसर 64-बिट आहे, आणि 2025 च्या डेबियन 13 पासून तर 32-बिटचा इन्स्टॉलरच बंद झाला.

यूट्यूबला पंखा घोंघावला तर दोष लिनक्सचा नाही. या पिढीची ग्राफिक्स चिप व्हीपी9 (यूट्यूब वापरतं तो व्हिडिओ फॉरमॅट) उलगडू शकत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबला जुन्या एच.264 फॉरमॅटवरच अडवून धरणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाका, 720 वर बघा.

अरे हो, हे आधीच लिहायला हवं होतं: डेटा काढून घ्या. पेंडिंग सेक्टर दिसले तर नुसतं कॉपी-पेस्ट नको, डीडीरेस्क्यू या साधनाने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या. खराब जागा ते शेवटी वाचायला घेतं, त्यामुळे डिस्क मध्येच मेली तरी बरंचसं हाती लागलेलं असतं.

आणि घरात कुणी श्रीलिपीत टाइप करत असेल किंवा टॅली वापरत असेल, तर एसएसडी आणि रॅम तेवढी लावा, विंडोज राहू द्या. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) ते चालवायची खटपट मी कुणालाच सुचवत नाही. युनिकोड मराठीला मात्र काही अडचण नाही. आयबस-एम17एन हे टायपिंगचं पॅकेज टाकलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.