रिप्लेस करताना नल आणि रिकामी स्ट्रिंग: सगळीकडे एकच औषध नको

पत्राच्या मसुद्यात मधल्या नावाच्या खुणेजागी टेबलातलं मधलं नाव भरताना काही नोंदींत नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) येतो आणि कोड पडतो, म्हणून सगळीकडेच नलची रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. तसं करू नका. रिप्लेस म्हणजे एक मजकूर शोधून त्याजागी दुसरा घालणारं फंक्शन; त्यातल्या मूळ मजकूर, शोधायचा मजकूर आणि नवा मजकूर या तीन जागांवर नलचा अर्थ वेगवेगळा असतो.

नव्या मजकुरात नल असेल तर तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘मधलं नाव नाही’ एवढाच. तिथे रिकामी स्ट्रिंग योग्य आहे. फक्त खुणेच्या दोन्ही बाजूंच्या स्पेस मागे राहतात आणि नावात दुहेरी मोकळी जागा दिसते, म्हणून खुणेसोबत एक स्पेसही काढा.

खरा धोका शोधायच्या मजकुरात आहे. तो रिकामा गेला की जावा आणि पायथन दोन्ही प्रत्येक अक्षराच्या आधी आणि शेवटी नवा मजकूर घालतात: ‘abc’ मध्ये रिकाम्याच्या जागी डॅश मागितला, तर ‘-a-b-c-’ मिळतं. एरर येत नाही, मजकुराचा मात्र चुराडा होतो. सी शार्प इथे सरळ एक्सेप्शन फेकतं, म्हणजे एरर देऊन थांबतं, आणि मला तेच बरं वाटतं. म्हणजे जावातला नल पॉइंटर एक्सेप्शन टाळायला तुम्ही इथे रिकामी स्ट्रिंग घातलीत, तर दिसणारी चूक न दिसणारी होईल. इथे नल किंवा रिकामं आलं तर रिप्लेस करूच नका, आणि ते का आलं हे लॉगमध्ये लिहा.

जावास्क्रिप्टमध्ये नव्या मजकुराच्या जागी नल दिला तर तक्रार होत नाही, पत्रात चक्क ‘null’ हा शब्द छापला जातो.

हेच काम थेट डेटाबेसमध्ये करणार असाल तर जास्त जपा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिप्लेसच्या तीनपैकी एकही आर्ग्युमेंट नल असेल तर उत्तर नल येतं, मजकुरात ती खूण नसली तरीही. मी एकदा असा अपडेट चालवला होता. मधलं नाव नसलेल्या प्रत्येक नोंदीतला अख्खा मजकूर गेला आणि बॅकअपवरून परत आणावा लागला. तेव्हा नव्या मजकुराला कोअलेस (नल आला तर त्याऐवजी दिलेलं मूल्य घेणारं फंक्शन) लावा, आणि अपडेटआधी तीच अट घालून सिलेक्ट चालवून निकाल डोळ्यांनी बघा.

मूळ मजकूरच नल असेल तर तो नलच राहू द्या. ‘मसुदा लिहिलाच नाही’ आणि ‘मसुदा रिकामा आहे’ यांतला फरक पुसला, तर पुढे कोरी पत्रं जातील.