जपानमध्ये घराण्याचं पाठबळ नसताना साधा नगरसेवक पंतप्रधान होऊ शकतो का?

हो, झालाय. योशिहिदे सुगा. १९८७ ला टोकियोजवळच्या योकोहामा शहराचे नगरसेवक आणि २०२० ला पंतप्रधान.

तुम्ही घराण्याचं विचारलंत ते बरोबरच आहे, कारण तिकडे वर पोचणारे बरेचसे वारसदारच असतात. पंतप्रधान झालेल्यांतच बघा, शिंझो आबेंचे आजोबा किशी पंतप्रधान, तारो आसोंचे आजोबा योशिदा पंतप्रधान, किशिदांचे वडील आणि आजोबा दोघंही खासदार. मतदारसंघ, पैसा, कार्यकर्ते सगळं आयतं मिळतं.

सुगा १९४८ चे, उत्तरेकडच्या अकिता प्रांतातले, जिथे हिवाळाभर नुसता बर्फ असतो. वडील स्ट्रॉबेरी पिकवायचे. शाळा संपल्यावर टोकियोला आले, पुठ्ठ्याच्या कारखान्यात काम केलं, मग होसेई विद्यापीठातून लॉ केलं. राजकारणात जायचं तर ओळख कुणाचीच नाही, म्हणून विद्यापीठातच जाऊन विचारलं की कुणा नेत्याशी गाठ घालून द्या, आणि त्यातून योकोहामाचे खासदार हिकोसाबुरो ओकोनोगी यांच्याकडे सेक्रेटरी म्हणून लागले ते ११ वर्षं. माझ्या मते खरं शिक्षण इथेच झालं. मतदारसंघातली माणसं कशी सांभाळायची हे तर कळलंच, पण मधे ओकोनोगी उद्योगमंत्री झाले तेव्हा मंत्रालयात फाइल कुठे अडते आणि कुणाच्या सांगण्यावरून हलते हेही आतून बघायला मिळालं.

३८ व्या वर्षी महापालिकेला उभे राहिले. रोज ३०० घरं फिरायचे आणि बुटांचे सहा जोड झिजले असं सांगतात. दोन टर्म नगरसेवक होते, पण शहरातलं वजन एवढं वाढलं की लोक त्यांना पडद्यामागचा महापौर म्हणायला लागले. १९९६ ला एका मतदारसंघातून एकच खासदार ही नवी पद्धत पहिल्यांदा आली, आणि त्याच निवडणुकीत ते कानागावा २ या मतदारसंघातून, म्हणजे योकोहामातूनच, संसदेत गेले.

पुढे २००६ ला आबेंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि तिथे त्यांनी जे आणलं ते मला फार आवडतं. गावातली पोरं शिकतात गावाच्या पैशावर आणि मोठी होऊन टॅक्स भरतात शहरात, तर त्यातला थोडा टॅक्स आपल्याला हव्या त्या गावाला देता यावा, अशी ती योजना, २००८ पासून चालू आहे. गावं बदल्यात तांदूळ, बीफ, खेकडे पाठवतात. खेड्यातून आलेल्या माणसालाच हे सुचणार. गंमत म्हणजे या योजनेत सगळ्यात जास्त टॅक्स गमावणारं शहर योकोहामाच आहे.

२०१२ पासून पावणेआठ वर्षं ते मुख्य कॅबिनेट सचिव होते, म्हणजे सरकारचा प्रवक्ता आणि सगळ्या खात्यांना हलवणारा मंत्री. एवढा काळ त्या पदावर कुणीच टिकलं नव्हतं. २०१९ ला रेइवा हे नव्या सम्राटाच्या कालखंडाचं नाव हातात बोर्ड धरून त्यांनीच जाहीर केलं आणि ते घराघरात पोचले. पण अधिकाऱ्यांवर त्यांची जबर पकड होती, धोरणाला विरोध केला की बदली, आणि हे मला अजिबात पटत नाही. पंतप्रधान झाल्यावर सरकारला सल्ला देणाऱ्या विज्ञान परिषदेसाठी सुचवलेल्या सहा अभ्यासकांना त्यांनी नाकारलं, कारणही नीट दिलं नाही, तिथून लोकांचा विश्वास उडायला लागला.

पंतप्रधानपद जेमतेम वर्षभर. मोबाइलचे दर खाली आणले, सरकारमध्ये डिजिटल कामांसाठी वेगळं खातं उभं केलं, २०५० पर्यंत कार्बन शून्यावर आणायचं जाहीर केलं, एका वर्षासाठी हे काम खरंच मोठं आहे. पण कोविड आटोक्यात येईना आणि ऑलिम्पिक जवळजवळ सगळं रिकाम्या स्टेडियममध्ये घ्यावं लागलं. त्यात ऑगस्ट २०२१ ला योकोहामाच्या महापौरपदाची निवडणूक आली. ज्यांच्याकडे ते सेक्रेटरी होते त्यांचाच मुलगा हाचिरो ओकोनोगी मंत्रिपद सोडून उभा राहिला, सुगांनी उघड पाठिंबा दिला, आणि तो विरोधकांच्या उमेदवाराकडून हरला. स्वतःच्या शहरात शब्द चालत नाही म्हटल्यावर पक्षातले खासदार घाबरले. तिकडे सत्ताधारी पक्षाचा अध्यक्षच सहसा पंतप्रधान होतो, आणि १२ दिवसांनी सुगांनी पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवणार नाही असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये किशिदा पंतप्रधान झाले. त्याच महिन्याच्या शेवटी लोकसभेसारख्या त्यांच्या खालच्या सभागृहाची निवडणूक झाली, तेव्हा कानागावा २ च्या मतदारांनी मात्र सुगांनाच परत निवडून दिलं.