उपहास ओळखायचा कसा? आधी बोलतंय कोण ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: "उपहासात्मक लेख मला खराच वाटतो. मागाहून कुणीतरी सांगतं तेव्हा कळतं. उपहास ओळखायचा कसा, आणि तो लिहिणारे नेमकं करतात काय?" सांगलीत मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. हा प्रश्न वर्गात नेहमी यायचा आणि चांगली वाचणारी मुलंच तो विचारायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाक्य खरं की खोटं हे नंतर बघा. आधी ते कुणाच्या तोंडी घातलंय ते शोधा. उपहास करणारा स्वतःच्या आवाजात क्वचितच बोलतो. तो एक सोंग उभं करतो, त्याला बोलू देतो आणि आपण मागे थांबतो.

एकनाथांचं 'रोडगा वाहीन तुला' हे भारूड तुम्ही ऐकलं असेल. त्यातली बाई भवानीआईला विनवते: सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव, सासू जाच करते, तिला लवकर ने, नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. बदल्यात देवीला काय, तर एक रोडगा, म्हणजे कणकेची जाड भाजलेली भाकर! मुलं सासू-सासऱ्याला हसायची. मी विचारायचो, "हे मागणं नाथांना मान्य आहे का?" वर्ग गप्प. मग एखादी मुलगी हळूच म्हणायची, "सर, एका रोडग्यात एवढी माणसं?" तिला भारूड कळलेलं असायचं. नाथांचा रोख सासूवर नाही, देवाशी चाललेल्या सौद्यावर आहे, आणि देणं-मागणं यांतली तफावत ही तिथली खूण आहे. (सगळे गेल्यावर 'एकटीच राहू दे मला' म्हणणारी शेवटची ओळ पुन्हा परमार्थाकडे नेते. पण तो वेगळा विषय.)

दुसरं उदाहरण सांगलीच्या अगदी शेजारचं. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणलं. पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी पोर एका म्हाताऱ्याला द्यायला निघालेला. त्या म्हाताऱ्याचं वर्णन होतं, 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान'. पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर. सगळी धार 'अवघे' या एका शब्दात आहे. पुढे त्याच्या पडलेल्या दातांबद्दल 'ठाणं उठलं' म्हटलंय, म्हणजे एखाद्या फौजेनं मुक्काम हलवावा तसं. वरवर कौतुक चाललंय, पण प्रत्येक तपशील त्या कौतुकाच्या उलट साक्ष देतो. असं दिसलं की समजावं, शब्द उलटे वाचायचे आहेत. यालाच आपण उपरोध म्हणतो. रागानं भाषण ठोकून देवलांना हे साधलं नसतं असं मला मनापासून वाटतं. प्रेक्षक आधी हसला आणि हसता हसता त्याला त्या मुलीची भीती जाणवली.

तमाशातला सोंगाड्या तिसरी रीत वापरतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचं नाव आमच्या भागात अजून निघतं. सोंगाड्या राजाला विरोध करत नाही. तो भाबडेपणानं प्रश्न विचारतो किंवा हुकूम शब्दशः पाळतो, आणि पाळता पाळता हुकमातला वेडेपणा सगळ्या गावासमोर येतो.

अतिशयोक्ती तर तुम्हाला माहीत असेलच. तिच्यात गंभीर चेहरा मिसळला की मात्र भलेभले फसतात. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टनं १७२९ मध्ये आयर्लंडच्या गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांना खायला विकावीत, असा प्रस्ताव लिहिला. सूर सरकारी टिपणीचा आणि आकडेमोडही चोख. माणसांकडे फक्त आकडे म्हणून बघणाऱ्यांचीच भाषा त्यानं उचलली होती.

विडंबन ही याहून वेगळी गोष्ट. त्यात एखाद्याच्या शैलीची नक्कल असते, जशी अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मध्ये कवींची आहे. नक्कल आली म्हणजे उपहास आलाच, असं नाही.

रोख कुणावर आहे हेही बघा. गरिबाच्या बोलीला किंवा कुणाच्या व्यंगाला हसवणाऱ्या मजकुराला मी उपहास म्हणत नाही. ती टवाळी आहे, आणि मुलांना मी ती कधी लिहू दिली नाही.

आता फसण्याबद्दल. त्यात दरवेळी वाचकाचीच चूक असते असं नाही. मी शिकवत होतो अशा एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळ कुलूप असायचं. एका मुलीनं भित्तिपत्रकात खोटं परिपत्रक लिहिलं: 'स्वच्छतागृह फक्त तपासणीच्या दिवशी उघडेल, मुलींनी त्याप्रमाणे नियोजन करावे.' दोन पालक ते खरं समजून भांडायला आले. खरी परिस्थितीच इतकी वाईट होती की अतिशयोक्तीला वाढायला जागा उरली नव्हती. अशा वेळी मजकुराखाली कुणाचं नाव आहे, तो कुठे लागलाय, शेजारी काय छापलंय हे बघावं लागतं. ते परिपत्रक कवितांच्या आणि चित्रांच्या मधोमध चिकटवलेलं होतं.

तुम्ही ज्या लेखाला फसलात तो कोणता? त्यातला बोलणारा कोण होता ते लिहा, मग त्यावर बोलू.