साडेबारा लाखांची एक्स-थ्री आणि सीसीतले ‘शिल्लक’ १६ लाख

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना चालवणारे ४४ वर्षांचे एक वाचक लिहितात: पुण्याच्या डीलरकडे दोन जुन्या डिझेल गाड्या बघितल्या आहेत. २०१३ ची बीएमडब्ल्यू एक्स-थ्री २०डी, ७८ हजार किलोमीटर चाललेली, साडेबारा लाखांना. आणि २०१४ ची ऑडी क्यू-फाइव्ह २.० टीडीआय, ९५ हजार किलोमीटर, १३ लाखांना. हैदराबादच्या पार्ट्या कारखान्यावर येतात, त्यामुळे बरी गाडी हवी आहे. दोन्हींत कुणाचं इंजिन टिकेल? गाडी जुनी म्हणून कर्ज मिळत नाही, पण सीसीचं (धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कॅश क्रेडिट खात्याचं) लिमिट ६० लाखांचं आहे, त्यातले ४४ वापरलेत, १६ शिल्लक आहेत. त्यातून गाडी घेतो. मार्चमध्ये पॉलिसीचा पाचवा आणि शेवटचा हप्ता भरला की १५ लाख मिळतील, ते सीसीत टाकतो. एक्स-थ्रीसाठी २५ हजार टोकन दिलंय. पॉलिसीची पहिली पानं आणि मागच्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट जोडतोय.

इंजिनाचं उत्तर खाली देतोच. पण आधी तुम्हीच पाठवलेलं पॉलिसीचं दुसरं पान काढा. त्यावर दोन ओळी आहेत: हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. मार्चमध्ये १५ लाख येणार नाहीत. मार्चमध्ये तुमचे आणखी अडीच लाख जातील आणि त्यानंतर दरवर्षी अडीच लाख, आणखी पाच वेळा.

‘पाच वर्षांची एफडीच समजा’ असं सांगून ही पॉलिसी सीसी लिमिटच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकेतल्याच माणसानं गळ्यात मारली, असं तुम्ही लिहिलंय. लिमिटची फाइल टेबलावर असताना कारखानदार नाही म्हणत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ही फसवणूक आहे आणि तक्रार करायलाच हवी: आधी विमा कंपनीकडे लेखी, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. त्या माणसाचा एखादा मेसेज, हातानं आकडे मांडून दिलेला कागद, काहीही असेल तर जपून ठेवा. मात्र तुमच्या सहीच्या अर्जावर २० वर्षं लिहिलेली असताना चार वर्षांनी सगळे पैसे परत मिळतील, या भरवशावर कुठलाही खर्च ठरवू नका.

आता या पॉलिसीचा हिशेब. १० वर्षांत २५ लाख भरायचे आणि २० वर्षांच्या शेवटी ५० लाख मिळायचे, असं त्या पानावर आहे. ‘दुप्पट’ ऐकायला बरं वाटतं. पण तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. ७२ ला साडेपंधरानं भागा: साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. आणि हा हप्ता जातो कुठून? तुमच्या सीसी खात्यातून, जिथं तुम्ही साडेदहा टक्के व्याज भरता. चार वर्षं तुम्ही साडेदहानं उचलून साडेचारनं गुंतवताय. गाडीच्या आधीच एक गाडी सीसीतून घेतलेली आहे म्हणा, फक्त ती दिसत नाही.

चार हप्त्यांचे १० लाख भरलेत. तुमच्या काळातल्या अशा पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षात किमान हमी सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केल्यावर मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या निम्मं असतं, म्हणजे ५ लाख. विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त निघू शकतं. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती, हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती, आणि पूर्ण भरली तर किती. आज मिळणारे ५ लाख आणि पुढचे वाचलेले सहा हप्ते सीसीतच राहिले, तर साडेदहा टक्क्यांनं १६ वर्षांत ८० लाखांच्या वर होतात. धंद्याच्या व्याजावर करात वजावट मिळते, म्हणून सव्वासात-साडेसात टक्केच धरले तरी ५५ लाखांच्या घरात. पॉलिसीचे ५० याच्या पुढे जात नाहीत. पेड-अपचा आकडा आश्चर्यकारकरीत्या चांगला निघाला नाही, तर माझं मत सरेंडरचं.

एक अट. या पॉलिसीत २५ लाखांचं विमा कवच आहे आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याही विम्याचा उल्लेख केलेला नाही. घर बँकेला तारण, सीसीला तुमची वैयक्तिक हमी, पदरात दोन मुलं. आधी किमान दीड कोटीचा निव्वळ मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या, वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडू द्या, मगच ही बंद करा. क्रम उलटा करू नका.

आता ते ‘शिल्लक’ १६ लाख. तुमचं स्टॉक स्टेटमेंट सांगतं: सूत, चालू माल आणि तयार टॉवेल मिळून ४० लाख, ९० दिवसांच्या आतली येणी ४५ लाख, सूतवाल्यांचं देणं १५ लाख. ४० अधिक ४५ वजा १५, म्हणजे ७०. त्यावर बँकेचं २५ टक्के मार्जिन गेलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, साडेबावन्न लाख. मंजूर लिमिट ६० असलं तरी तुम्हाला वापरता येतात साडेबावन्नच. ४४ वापरलेत, म्हणजे हातात साडेआठ आहेत. त्यातून साडेबारा काढले की खातं ४ लाखांनी ओलांडलं. बँकेनं ते जाऊ दिलं तरी पुढच्या सूताच्या गाडीचा चेक कशातून देणार? एखाद्या पार्टीचं बिल ९० दिवसांच्या पलीकडे गेलं, तर ते येण्यांतून वगळलं जातं आणि ड्रॉइंग पॉवर आणखी खाली येते. खातं सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज. शिवाय खेळत्या भांडवलाच्या पैशानं खासगी गाडी घेणं मंजुरीच्या अटींतच बसत नाही. पुढच्या नूतनीकरणाला सीए आणि बँक दोघंही हे विचारतील. सूत येतं, टॉवेल होतो, विकला जातो, पैसे फिरून येतात. गाडीत गेलेले साडेबारा लाख फिरून येत नाहीत.

म्हणून या गाड्या आत्ता नको. तरी इंजिनाचा प्रश्न चुकीचा नाही, पुढेमागे उपयोगी पडेल असा आहे.

२०१३ च्या एक्स-थ्री २०डीमध्ये एन४७ हे इंजिन येतं. त्यानंतर २०१४ च्या बदलात बी४७ आलं. एन४७ ची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. प्लॅस्टिकचे गाइड झिजतात, चेन ताणली जाते. तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिनच जातं. चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून पार्ट्सपेक्षा मजुरी जड पडते. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांना हा त्रास जास्त होता. २०१३ ला धोका कमी, पण संपलेला नाही. मी या कामासाठी दोन ते अडीच लाख बाजूला धरायला सांगतो. काही डिझेल इंजिनांच्या ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलरसाठी बीएमडब्ल्यूनं २०१८ मध्ये जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण गळणाऱ्या कूलंटमुळे आगीचा धोका होता. चॅसिस नंबरवरून ते काम झालंय का, हे अधिकृत वर्कशॉप सांगू शकतं.

क्यू-फाइव्हच्या २.० टीडीआयला टायमिंग बेल्ट आहे. बेल्टचं काम चेनपेक्षा सोपं. तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल त्यावर बदलतात, आणि सोबत वॉटर पंप व टेन्शनरही. ९५ हजार किलोमीटरच्या, दहा वर्षांच्या पुढच्या गाडीत बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरायचं. तिथली डोकेदुखी गिअरबॉक्सची. सात गिअरच्या एस-ट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल दर ६० हजार किलोमीटरवर बदलावं लागतं. ते चुकलं की क्लच आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बिघडतं आणि खर्च लाखांत जातो. एक्स-थ्रीचा झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स दणकट आहे, पण ‘लाइफटाइम ऑइल’वर विश्वास नको. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजारांदरम्यान बदलायला सांगते. नुसतं इंजिन बघाल तर क्यू-फाइव्ह कमी जोखमीची, गिअरबॉक्स बघाल तर एक्स-थ्री.

बघायला जाल तेव्हा डीलरला आधी बजावा की गाडी सकाळपासून सुरू केलेली नको. बॉनेट गार आहे का, हात लावून बघा. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत मागून खडखड येते का ऐका. मग आरपीएम १५०० ते २००० च्या दरम्यान ठेवून घासल्यासारखा, शिट्टीसारखा आवाज येतो का बघा. स्कॅनरवर इंजेक्टरची (डिझेल फवारणाऱ्या भागांची) करेक्शन मूल्यं काढा. ओडोमीटरचा आकडा सर्व्हिस बिलांशी आणि गाडीच्या इतर युनिटमधल्या नोंदींशी जुळवा. सगळ्यांत महत्त्वाचं, ऑइल बदलल्याची बिलं. कंपनीचं वेळापत्रक लांबलचक असतं. ज्यानं दहा-दहा हजारांवर ऑइल बदललं, त्याची चेन जास्त चालते. तुमचं रोजचं जाणं जुळे सोलापूर ते एमआयडीसी, दहाएक किलोमीटर. इतक्या छोट्या फेऱ्यांत डिझेल नीट तापत नाही आणि ईजीआरमध्ये काजळी साठते. बिघडली तर फ्लॅटबेडवर पुणं, अडीचशे किलोमीटर.

आणि ‘दोन वर्षांनी याच भावात परत घेतो’ हे डीलरचं वाक्य कागदावर मागा. देणार नाही. २०१३ च्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं २०२८ मध्ये भरतात. त्यानंतर फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. तेव्हाचा गिऱ्हाईक हे सगळं किमतीतून वजा करणार. वित्तसंस्था या वयाच्या गाडीला कर्ज देत नाही त्याचंही कारण हेच आहे.

कर्ज बसेल अशी सात-आठ वर्षांची गाडी बघा, ४ लाख तुमच्या स्वतःच्या उचलीतून साठवा आणि दुरुस्तीचे अडीच लाख वेगळे ठेवा. ९ लाखांचं चार वर्षांचं कर्ज १३ टक्क्यांनं महिन्याला २४ हजारांच्या आसपास पडेल. तो हप्ता नफ्यातून जातो की उधारीतून, हे सहा महिने आधी तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकून बघा.

टोकनचे २५ हजार लेखी परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या. त्या २५ हजारांसाठी साडेबारा लाख घालू नका. पॉलिसीच्या हप्त्याचं ऑटो-डेबिट मात्र लक्षात ठेवा: सरेंडर ठरलं आणि मुदत विमा हातात आला की फेब्रुवारी संपायच्या आत बँकेत जाऊन मँडेट (हप्ता कापायची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द करून त्याची पोच घ्या, नाहीतर पाचवा हप्ता आपोआप कापला जाईल.